विवेकवर्धिनी ते इप्पागुडा

12 नोव्हेंबर 1921. हैदराबादच्या जामबागेत विवेकवर्धिनीच्या थिएटरात निजाम संस्थानाची सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, अस्पृश्यता हे नेहमीचेच विषय होते. भाषणं इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली, आणि सभेनं ती शिस्तीनं ऐकून घेतली. मग एका ठरावावर बोलायला आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील उभे राहिले आणि तेलुगूत बोलू लागले. सभेनं त्यांची हुर्यो उडवली.

हुर्यो उडवणारे बरेचसे आपलेच होते. हैदराबादच्या इतिहासाच्या मराठी पुस्तकांत हा प्रसंग एखाद्या ओळीत उरकलेला असतो, नाहीतर नसतोच. तेलुगू पुस्तकं मात्र पुष्कळदा इथूनच सुरू होतात, आणि त्यात अन्याय काही नाही. संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे, तीन कानडी. जवळजवळ निम्मी रयत तेलुगू बोलणारी. त्या रयतेची भाषा राजधानीतल्या सुधारकांच्या सभेत हसण्यावारी गेली. दुखावलेली तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र बसली आणि त्यांनी आंध्र जनसंघ स्थापन केला. माडपाटी हनुमंतराव त्यात होते. फर्ग्युसन कॉलेजात शिकून आलेले, मराठी उत्तम जाणणारे तरुण बुर्गुल रामकृष्णराव होते. या बैठकीतून निघालेली संस्था पंचवीस वर्षांनी हजारो खेड्यांत जमीनदारांच्या गढ्यांवर चालून जाईल, असं त्या रात्री कुणी म्हटलं असतं तर सगळ्यात आधी माडपाटी दचकले असते.

ज्या सुधारकांच्या छताखाली हे घडलं, ते लोक लहान नव्हते. विवेकवर्धिनी 1907 ची. केशवराव कोरटकर, वामन नाईक आणि त्यांच्या सोबत्यांनी ती उभी केली. सरकारदरबारी आणि कोर्टात सगळं उर्दूत चालत असताना राजधानीत मराठी शाळा काढणं हीच त्या दिवसांत मोठी गोष्ट होती. केशवराव नावाजलेले वकील, पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश, आर्यसमाजाचे आधारस्तंभ. त्यांच्या पिढीला ठाऊक होतं की निजामाच्या राज्यात राजकीय सभेला परवानगी मिळत नाही. म्हणून सभेच्या कपाळावर ‘सामाजिक’ अशी चिठ्ठी चिकटवायची आणि शाळा, वाचनालयं, परिषदा असं हळूहळू पुढे सरकायचं. राजकीय म्हणायची परिषद भरवायचीच झाली तर ती संस्थानाबाहेर न्यावी लागे. काकीनाडा, मुंबई, पुणे, अकोला अशा गावी ती भरलीही. या सावधपणाला भ्याडपणा म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. तुरुंगात न जाता चाळीस वर्षं शाळा चालवत ठेवणं हाही लढ्याचाच प्रकार होता. त्यांची खरी उणीव सावधपणात नव्हती, ऐकण्यात होती. ज्यांच्यासाठी सुधारणा करायची ते बोलायला लागले की सुधारकांचे कान बंद होत. 1921 ला ते भाषेच्या निमित्तानं दिसलं. पुढे जमिनीच्या निमित्तानं पुन्हा पुन्हा दिसलं.

आंध्र जनसंघानंही सुरुवातीला जामबागेचाच कित्ता गिरवला: ग्रंथालयं, शाळा, अर्ज-विनंत्या. 1930 मध्ये जोगीपेटला त्याची पहिली आंध्र महासभा सुरवरम प्रतापरेड्डींच्या अध्यक्षतेखाली भरली. तिथलेही ठराव मवाळच होते. पण तेलंगणाच्या खेड्यांत प्रश्न वाचनालयाचा नव्हता. आपल्याकडे देशमुख म्हणजे आडनाव, फार तर जुना वाडा. नलगोंडा-वरंगलकडे देशमुख म्हणजे गावंच्या गावं घशात घातलेला मालक. विसनूरच्या रामचंद्र रेड्डीकडे चाळीस हजार एकर, सूर्यापेटकडच्या जन्नारेड्डी प्रतापरेड्डीकडे दीड लाख एकर. त्यावर वेठ: चांभारानं चपला फुकट द्यायच्या, धोब्यानं कपडे फुकट धुवायचे, कुणब्यानं आपलं रान पडीक ठेवून आधी देशमुखाच्या रानात राबायचं. एकट्या अर्जांनी हे किती हलणार?

महासभेत तरुण शिरले. रावी नारायण रेड्डी स्वतः जमीनदार घरातले. हैदराबाद शहरात कॉम्रेड्स असोसिएशन निघाली होती, तिथे सिटी कॉलेजात शिकवणारे शायर मख्दूम मोहिउद्दीन आणि डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेले राजबहादूर गौड होते. 1944 च्या भुवनगिरी अधिवेशनात महासभा डाव्यांच्या हाती गेली, मवाळ बाजूला झाले, आणि वर्गणी एक आण्यावर आली. या एका आण्यानं जे केलं ते वीस वर्षांच्या ठरावांनी झालं नव्हतं. शेतमजूर आणि कुळं पावत्या फाडून घेऊ लागली. खेड्यात कुणी आता ‘आंध्र महासभा’ एवढं लांबलचक नाव घेत नसे. नुसतं ‘संघम्’ म्हणत. 4 जुलै 1946 रोजी जनगाव तालुक्यातल्या कडवेंडीत संघम्‌चा मोर्चा विसनूरच्या देशमुखाच्या गढीवरून जात असताना आतून गोळ्या झाडल्या गेल्या आणि दोड्डी कोमरय्या हा तरुण जागीच गेला. तेलंगणाचा सशस्त्र लढा त्या दिवसापासून मोजतात.

इकडे मराठवाड्यातही मवाळ-जहाल वाद पेटलेलाच होता, फक्त त्याचे रंग वेगळे होते. 1937 ला परतूरला महाराष्ट्र परिषद सुरू झाली ती जामबागेच्याच थाटात. तिला वळण दिलं ते स्वामी रामानंद तीर्थांनी. संन्यास घेण्यापूर्वीचे हे व्यंकटेश खेडगीकर ना. म. जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत वावरलेले होते. भगव्या कफनीखाली कामगार संघटनेचा माणूस, हे त्यांच्या राजकारणाचं खरं वर्णन. त्यांच्या भोवती गोविंदभाई श्रॉफांसारखे मार्क्स वाचलेले तरुण जमले. 1938 च्या सत्याग्रहानंतर आणि वंदे मातरम् चळवळीनंतर ही मंडळी ‘जबाबदार राज्यपद्धती’ या शब्दांवर थांबायला तयार नव्हती. कुळांचा हक्क, जहागिरी खालसा करणं हेही त्यांना हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

क्रांतिकारक बंदूकवाला आणि सुधारक बिनबंदुकीचा, अशी आपण सरधोपट वाटणी करतो. हैदराबादेत ती टिकत नाही. 1947-48 मध्ये स्टेट काँग्रेसनं सरहद्दीवर ठिकठिकाणी छावण्या टाकल्या आणि त्या छावण्यांतली पोरं निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांवर हत्यारं घेऊन गेली. 30 जानेवारी 1948 ला, म्हणजे गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, उमरीची बँक लुटली ती याच काँग्रेसवाल्यांनी. दोघांच्याही हातात बंदूक होती. बंदुकीनं मिळेल ते कुणाच्या नावावर चढवायचं, यावर मात्र दोघांचं जमत नव्हतं. मराठवाड्यातल्या छावण्यांना संस्थान भारतात हवं होतं. तेलंगणातल्या दलमांना, म्हणजे संघम्‌च्या सशस्त्र तुकड्यांना, ते हवं होतंच, शिवाय सातबारा हवा होता.

13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा शिरल्या, 17 ला निजामानं हात वर केले. मराठवाड्यातल्या छावण्या मोडल्या, पोरं घरी आली, सत्कार झाले. तेलंगणात बंदुका खाली ठेवायच्या की नाही यावर भांडण लागलं. कम्युनिस्ट पुढारी पुच्चलपल्ली सुंदरय्यांच्या आकड्यांनुसार तीन हजार गावांत ग्रामराज्य उभं राहिलं होतं आणि दहा लाख एकर जमीन वाटली गेली होती. ती जमीन देशमुखाला परत द्यायची? सुंदरय्या आणि त्यांचे सोबती म्हणाले, लढा चालूच राहील. रावी नारायण रेड्डींना ते पटलं नव्हतं. रझाकार गेले, गावकऱ्याच्या डोळ्यांसमोर नेहरूंचं सरकार आलं, आता लोक आपल्या मागे तसे उभे राहणार नाहीत, असं त्यांचं मत होतं. आज मागे वळून पाहताना त्यांचंच बरोबर होतं असं मला म्हणावंसं वाटतं. पुढची तीन वर्षं जंगलात मारले गेलेले बहुतेक जण गढीतले नव्हते, झोपडीतले होते. सुंदरय्यांनी लढ्यातल्या मृतांचा आकडा चार हजार दिला आहे.

गंमत अशी की या क्रांतीच्या पोटातही सुधारणेची पायरीपायरी होती. संघम्‌नं आधी पाचशे एकरांवरची जमीनच काढून घ्यायची ठरवलं, मग मर्यादा दोनशेवर आणली, शेवटी कोरडवाहू शंभर आणि बागायत दहा एकरांवर. लहान-मध्यम शेतकरी बिचकू नये, गढीविरुद्ध सगळं गाव एक राहावं, हा त्यामागचा हिशेब. पुण्याचे समाजशास्त्रज्ञ द. ना. धनागरे यांनी तेलंगणाच्या उठावाचा अभ्यास करताना सधन शेतकरी आणि गरीब शेतमजूर यांच्या या आघाडीकडे बारकाईनं पाहिलं आहे. शंभर एकरवाला आणि भूमिहीन एका झेंड्याखाली किती दिवस राहणार, हा प्रश्न त्या मर्यादेतच दडलेला होता.

वाद मुंबईत आणि त्याही पलीकडे मॉस्कोत सुटायचा होता, आणि दोन्ही टोकांना मराठी माणसं होती. 1948 च्या कलकत्ता अधिवेशनानंतर कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते बी. टी. रणदिवे. देशभर उठावाची वेळ आली आहे, असा त्यांचा आग्रह. आंध्रवाले माओचा दाखला देत शेतकऱ्यांच्या दीर्घ लढ्याची भाषा करत, तीही रणदिव्यांना मान्य नव्हती. त्यांना मजुरांचं शहरी बंड हवं होतं, रेल्वे थांबवून. ते फसलं. 1950 ला रणदिवे पदावरून गेले, आंध्रचे राजेश्वरराव आले. 1951 च्या सुरुवातीला श्रीपाद अमृत डांगे, अजय घोष, राजेश्वरराव आणि बसवपुन्नय्या गुपचूप मॉस्कोला जाऊन स्टालिनला भेटले. डांगे गिरणी संपांच्या मुशीत घडलेले, कुठे ताणायचं आणि कुठे तडजोड करायची ते जाणणारे. जंगलातल्या लढ्याबद्दल त्यांचा उत्साह पहिल्यापासूनच बेताचा होता. 21 ऑक्टोबर 1951 ला पक्षानं तेलंगणाचा सशस्त्र लढा मागे घेतला.

त्याच वर्षी आणखी एक मराठी माणूस हैदराबादेत आला, चालत. विनोबा वर्ध्याकडून निघून शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पोचले. 15 एप्रिलला, रामनवमीला, तुरुंगातल्या कम्युनिस्ट कैद्यांना भेटले आणि मग तेलंगणाकडे वळले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत हरिजन वस्तीतल्या लोकांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी गावालाच विचारलं, कुणी देईल का? वेदिरे रामचंद्र रेड्डी उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. तेलंगणात पुढे सुमारे बारा हजार एकर दान मिळालं. दहा लाखांपुढे बारा हजार म्हणजे चिमूटभर, अशी टीका डाव्यांनी केली, आणि ती खोटी नाही. पण रामचंद्र रेड्डींच्या उठण्यामागे आसपासच्या पाच वर्षांची धग नव्हती असं कोण म्हणेल? देणाऱ्याच्या मनात करुणा असेल, तशीच गढ्यांची वाताहत पाहिल्याची आठवणही असेल.

1952 च्या निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षावर हैदराबाद राज्यात बंदी होती, म्हणून त्यांनी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावानं उमेदवार उभे केले. काही तुरुंगातून लढले. नलगोंड्यातून रावी नारायण रेड्डी लोकसभेवर गेले ते नेहरूंपेक्षाही जास्त मतं घेऊन. आलेरमधून आरुट्ला कमलादेवी आमदार झाल्या. 175 जणांच्या विधानसभेत काँग्रेसला 93 आणि फ्रंटला 42 जागा मिळाल्या. वरंगलकडच्या इप्पागुडा या तेलुगू मतदारसंघातून निवडून आले मराठवाड्यातले कॉम्रेड व्ही. डी. देशपांडे, आणि फ्रंटनं त्यांनाच विरोधी पक्षनेता केलं.

जामबागेत तेलुगू वक्त्याला बसवलं गेलं त्याला एकतीस वर्षं झाली होती. आता तेलुगू कुळांनी एका मराठी माणसाला आपल्या वतीनं बोलायला पाठवलं होतं. आपल्या चळवळींच्या इतिहासात याच्या तोडीचा दुसरा दाखला मला चटकन सापडत नाही, आणि मराठवाड्यातल्या मुक्तिदिनाच्या भाषणांत देशपांड्यांचं नाव इतकं क्वचित का येतं याचं नवल वाटतं. बागे-आममधल्या टाउन हॉलात विधानसभा बसे. समोरच्या बाकावर मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव होते, 1921 च्या त्या रात्रीच्या बैठकीतले. गृहमंत्री दिगंबरराव बिंदू. मंत्र्यांत विनायकराव विद्यालंकारही होते, विवेकवर्धिनीच्या केशवराव कोरटकरांचे चिरंजीव. सुधारकांची पुढली पिढी सरकारात आणि काल-परवापर्यंत जंगलात असलेल्यांचा पुढारी विरोधात, असा तो सामना. काँग्रेसमध्येही स्वामीजींचा गट आणि बुर्गुल-बिंदूंचा गट एकमेकांना पाण्यात पाहत, आणि जमिनीच्या प्रश्नावर स्वामीजींची माणसं कधी कधी फ्रंटच्या जवळची वाटत.

भांडण होतं ते मुख्यतः कुळकायद्याचं. जहागिरी 1949 मध्येच खालसा झाल्या होत्या. 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यानं सहा लाखांवर कुळांना ‘संरक्षित’ ठरवून जमीन विकत घ्यायचा हक्क दिला होता. राज्यातल्या लागवडीच्या पाव हिश्श्याहून जास्त जमीन त्यांच्याकडे होती. कागदावर हा देशातला सर्वांत धीट कायदा म्हणावा लागेल, आणि दिल्लीनं नेमलेल्या मुख्यमंत्री वेलोडींच्या सरकारला एवढी धिटाई कुठून आली याचं उत्तर नलगोंड्याच्या जंगलात शोधावं लागतं. 1954 च्या दुरुस्तीनं हातात असलेल्या जमिनीवरही कुटुंबधारणेच्या साडेचार पट अशी कमाल मर्यादा आली.

पण कायदा तलाठ्याच्या दप्तरातून उतरतो, आणि दप्तर बहुतेक गावांत कुणाच्या घरी असे ते वाचकांना सांगायला नको. अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुसरो यांनी काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा दिसलं की 1951 ला संरक्षित झालेल्या दर शंभर कुळांपैकी चार वर्षांत संरक्षित म्हणून उरली जेमतेम 45. बाराच्या आसपास कुळं मालक झाली होती. सुमारे 22 बेकायदा हुसकावली गेली होती, आणि सतरा-अठरा जणांनी ‘राजीखुशीनं’ जमीन सोडली होती. ही राजीखुशी कशी असते? चावडीवर बोलावतात, कोऱ्या कागदावर अंगठा घेतात, आणि घरी जाताना सांगतात की पेरणीला या, मजुरी मिळेल.

देशपांडे आणि फ्रंटचे आमदार सभागृहात बेदखलीच्या तक्रारी मांडत, दुरुस्त्या सुचवत, मतदानात हरत, पुन्हा सुचवत. चार वर्षांपूर्वी त्यांच्याच पक्षानं या कामाला भांडवलदारी सभागृहातली गप्पाष्टकं म्हटलं असतं. आता तेच काम त्यांच्या वाट्याला आलं होतं. पक्षातल्या काहींना ही घसरण वाटली. माझ्या मते त्यांच्या चळवळीला उशिरा आलेलं शहाणपण होतं ते, फक्त त्याला एक अट होती. जिथे संघम्‌नं गाव एकदा उठवलं होतं तिथे कूळ कचेरीत जाऊन आपल्या नावाची नोंद मागू शके. जिथे तसं झालं नव्हतं तिथे कायदा गॅझेटातच राहिला. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत कूळ आपल्या हक्काची गोष्ट देवीच्या नवसासारखी कुजबुजत सांगे, कारण तिथे रझाकारांशी लढाई झाली होती, पाटील-देशमुखांशी कधी झालीच नव्हती. स्वामीजींच्या गटाला ती करायची होती. मुक्तीनंतर काँग्रेसमध्ये त्यांना तेवढी मोकळीक मिळाली नाही, आणि गोविंदभाईंसारखे सोबती काही काळ पक्षाबाहेर पडले.

1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य मोडलं. तेलंगणा आंध्रात गेला, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात, तीन कानडी जिल्हे म्हैसूरला. विशाल आंध्र आणि संयुक्त महाराष्ट्र या दोन्ही मागण्यांमागे फ्रंट उभी होती आणि देशपांडेही. मराठी पुढाऱ्यानं भाषावार प्रांतरचनेची बाजू घेतली म्हणजे आपल्याच तेलुगू मतदारसंघावरचा हक्क सोडला. जामबाग मात्र जागची हलली नाही. विवेकवर्धिनी तिथेच आहे, भोवती तेलुगू-उर्दूचा गजबजाट, आणि मराठी घरं मुंबई-पुण्याच्या नजरेत नसलेल्या एका कोपऱ्यात नांदताहेत.

कुळकायदा राज्याबरोबर मोडला नाही, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंनी वाटून गेला. संभाजीनगर, नांदेड, परभणीच्या तहसिलीत आजही ‘हैदराबाद कुळवहिवाट’ याच नावानं त्याची प्रकरणं चालतात. तेलंगणात कलम 38-ई चे मालकी दाखले घेऊन संरक्षित कुळांचे नातू हायकोर्टात उभे आहेत. हैदराबादच्या आजूबाजूच्या जमिनींचे भाव चढल्यापासून जुन्या मालकांच्या वारसांनाही 1951 चं ते कूळ पुन्हा आठवू लागलं आहे, आणि दोन्हीकडचे वकील पहिला कागद मागतात तो खासरा पहाणी या शेतवार जमीननोंदीचा.